डबा आणा, धडा करून देतो: लक्ष्मीपुरीतल्या एका किराणा दुकानाचा तीन महिन्यांचा अनुभव

पाचातले साडेतीन तारे. दीड कुठं गेला ते पुढं सांगते.

दुकानाचं नाव देत नाही. पाटीवरची अक्षरं केव्हाच उडालीत, बिलावर शिक्का नसतो, आणि मालकांना विचारलं तर ते म्हणाले, "नाव नको वैनी. गर्दी झाली तर डबं तोलायला माणूस कुठनं आणू?" खूण सांगते. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत धान्याची दुकानं आहेत, तिथं गोण्यांची तोंडं दुमडून अजून पायरीपर्यंत माल मांडतात. त्यातल्या एका दुकानात लाकडी गल्ल्यामागं पांढऱ्या टोपीतले सत्तरीचे गृहस्थ बसलेले असतात आणि त्यांच्या डोक्यावर खांबाला पितळी पारड्यांचा तराजू लोंबत असतो. आजूबाजूचे सगळे त्यांना मामा म्हणतात, म्हणून मीही म्हणते.

मी एका पतसंस्थेत हिशेब बघते. घरात पाच माणसं: सासूबाई, आम्ही दोघं, इंजिनिअरिंगचा मुलगा, बारावीची मुलगी. वहीत लिहिल्याशिवाय मला काही खरं वाटत नाही, त्यामुळं खालचे घरातले आकडे वहीतले आहेत.

सुरुवात 2019 च्या पुरापासून सांगावी लागेल. पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट. त्या ऑगस्टमध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं, पुणे-बेंगळुरू हायवे बंद पडला, शहरात दूध नाही, भाजी नाही. पाणी ओसरल्यावर घाटाकडं गेलो तर झुडपांना, कुंपणाच्या तारांना, माझ्या डोक्याच्याही वर प्लास्टिक लटकलेलं. दुधाच्या पिशव्या, वेफर्सची पाकिटं, गुटख्याच्या माळा. त्यात शेवयांचं एक पाकीट दिसलं, आमच्या घरी येतं तेच. आमचंच असेल असं नाही, पण घरी येईपर्यंत मी गप्प होते.

आणि त्यानंतर पाच-सहा वर्षं काहीही केलं नाही. हे लपवून काय करू?

यंदा जानेवारीत संक्रांतीच्या आधी फडताळ आवरायला घेतलं. ओट्सची दोन अर्धी पाकिटं, मुदत संपलेला पास्त्याचा सॉस, जाळी धरलेला रवा, टोके पडलेले काबुली चणे, आणि 'एकावर एक फुकट'मधलं ते फुकटचं एक, न फोडलेलं. पाकिटांवरच्या छापील किमती बेरजेला घेतल्या: 1,180 रुपये. हे सगळं मी स्वतःच्या हातानं विकत आणलेलं होतं. सासूबाई सूप घेऊन रवा पाखडता येतोय का बघत होत्या. म्हणाल्या, "आमच्या वेळंला चिपट्या-मापट्यानं आणायचो. किडायला उरायचंच न्हाई."

त्या महिन्यात आणखी एक उद्योग केला. घरातलं सगळं प्लास्टिक एका गोणीत साठवून दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोललं. चार रविवारांची बेरीज 1 किलो 140 ग्रॅम. प्लास्टिकला वजन नसतं असं आपण धरून चालतो. पाच माणसांच्या घराचा एवढा ढीग जमिनीवर ओतला की कळतं.

आधी मी सुशिक्षित मार्गानं गेले. एका मोठ्या सुपरमार्केटमध्ये 'पर्यावरणपूरक' म्हणून वेगळं कपाट आहे, तिथं. सेंद्रिय तूरडाळ चकचकीत, उभ्या राहणाऱ्या पाउचमध्ये. असा पाउच दोन-तीन वेगवेगळे थर चिकटवून करतात आणि ते थर सुटे होत नाहीत, म्हणून भंगारवाला त्याला हात लावत नाही. खाली तागाच्या पिशव्या होत्या, प्रत्येक पिशवी प्लास्टिकच्या वेष्टनात. काउंटरवर कापडासारखी दिसणारी पिशवी पुढं केली, ती नॉन-वोव्हन. तीही पॉलिप्रॉपिलीनच, म्हणजे प्लास्टिकच. मी नाचणीचं एक पाकीट घेतलं, वर 'मिलेट' लिहिलेलं, आणि घरी येऊन स्वतःलाच शिव्या घातल्या.

मामांकडं मला आमच्या शेजारच्या काकूंनी नेलं. त्या चाळीस वर्षं तिथंच जातात, आणि पर्यावरण वगैरे त्यांच्या गावीही नाही.

पहिल्या दिवशी मी स्टीलचा दोन किलोचा डबा नेला. मनात धाकधूक होती, कारण एका ठिकाणी असाच डबा नेला होता तेव्हा डब्यासकट वजन करून तुरीच्या भावानं स्टील माझ्या गळ्यात मारलं होतं. मामांनी डबा उघडून वास घेतला, आत बोट फिरवून ओल आहे का पाहिलं आणि तो रिकामाच एका पारड्यात ठेवला. दुसऱ्या पारड्यात छोटी वजनं, मग गल्ल्यातले दोन खडे, मग चिंचोके, एकेक करत. काटा सरळ झाला.

"ह्यो धडा. आता डबा न्हाईच असं समजायचं."

धडा करणं हा शब्द मी लहानपणी तुपाच्या बरणीसंदर्भात आजोळी ऐकला होता आणि पार विसरले होते. इलेक्ट्रॉनिक काटाही दुकानात आहे, दुकानातला मुलगा तो वापरतो. डबा ठेवून बटण दाबलं की शून्य. मामांचं म्हणणं, बटणात गिऱ्हाइकाला काही दिसत नाही, पारड्यात दिसतं. वजनांवर वैधमापनाचा शिक्का आहे का, हे मी उलटी करून पाहून घेतलं. आहे. मामा हसले, रागावले नाहीत.

आता मी सगळ्या डब्यांच्या बुडावर नेलपॉलिशनं रिकाम्या डब्याचं वजन लिहून ठेवलंय. 386, 412, 265. मार्करनं लिहिलेलं दोन धुण्यांत जातं, नेलपॉलिश टिकतं. गर्दीच्या दिवशी मुलगा नुसतं बुड बघून वजा करतो.

ह्या दुकानाची खरी गंमत प्लास्टिक नाही. इथं 'किती?' असा प्रश्न विचारतात. पाकीट कुणाला काही विचारत नाही. अर्धा किलो छापलंय म्हणजे अर्धा किलो घ्यायचं. मामांकडं मी दहा रुपयांचं जिरं मागू शकते, मूठभर ओवा मागू शकते, आणि साबुदाणा एका चतुर्थीपुरता. पहिले दोन आठवडे मला लाज वाटायची, सव्वाशे ग्रॅम हरभराडाळ मागताना आवाज खाली जायचा. एकदा मामाच म्हणाले, "वैनी, पुरणाला न्हेताय का आमटीला?" आमटीला म्हटल्यावर सव्वाशेचं शंभर केलं. गिऱ्हाइकाला कमी घ्यायला लावणारा दुकानदार मी तरी आजवर पाहिला नव्हता.

तीन महिन्यांत आमच्या घरात टाकून दिलेल्या कोरड्या मालाची वहीतली नोंद: एक वाटी पोहे, तेही मुलानं डब्याचं झाकण उघडं ठेवलं म्हणून. आणि कुणी विचारायच्या आत सांगते, टाकलेलं धान्य म्हणजे त्यामागचं पाणी, खत, डिझेल, हमाली सगळंच टाकलेलं. पाकिटाचं प्लास्टिक त्यापुढं किरकोळ आहे. मी प्लास्टिक मोजायला निघाले होते आणि हाती भलताच हिशेब लागला.

मालाबद्दल बोलते.

तांदूळ: आजऱ्याचा घनसाळ. बुटका दाणा, शिजताना गल्लीला कळतं. 2016 साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं आणि तेव्हापासून बाजारात खऱ्यापेक्षा 'घनसाळ'च जास्त आहे. मामा दोन गोण्या दाखवतात आणि सरळ सांगतात, ही आजऱ्याची, ही 'तसली'. वास नसला तर परत आणा म्हणतात. मी एकदा नेऊन पाहिला, कुरकुर न करता बदलून दिला. आधी आम्ही पुलावापुरता म्हणून बासमती आणायचो आणि तो रोजच शिजायचा. उत्तरेतून येणाऱ्या त्या तांदळाऐवजी आपल्याच जिल्ह्यातला घेणं हा सरळ व्यवहार आहे. पण तांदूळ कुठलाही असो, भातखाचरात पाणी तुंबलं की मिथेन निघतोच, म्हणून आठवड्यातले तीन दिवस रात्री भात बंद करून भाकरी सुरू केलीय. मुलानं दोन दिवस तोंड वाकडं केलं. सासूबाईंनी नाही.

भाकरीचा शाळू मामांकडं चांगला असतो. मंगळवेढ्याची म्हणून जी ज्वारी देतात ती खरंच गोड लागते. नाचणी राधानगरी-गगनबावड्याकडची. 2023 हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्याचं वर्ष म्हणून साजरं केलं, त्या वर्षी शहरात जिकडंतिकडं 'मिलेट' झालं. मामांना मी ते सुपरमार्केटचं पाकीट दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून किंमत वाचली, पाकीट परत दिलं आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळले. त्या दिवशी त्यांच्या गोणीतली नाचणी मला पाकिटाच्या निम्म्याहून कमी भावात पडली.

डाळी-कडधान्यांबाबत मात्र डोळे उघडे ठेवा. जुनं दुकान, मातीची जमीन, तागाची गोणी एवढं दिसलं की माल आसपासचाच असणार अशी आपण समजूत करून घेतो. मसुराच्या गोणीवर मी स्वतः 'कॅनडा' वाचलंय. आपल्याकडं येणारा मसूर बराचसा कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातून येतो, तूर म्यानमार आणि आफ्रिकेतूनही येते. मामा विचारल्यावर खोटं सांगत नाहीत, पण विचारल्याशिवाय सांगतही नाहीत. मी आता "कुठली?" हे आधी विचारते आणि "कितीला?" नंतर. तूर लातूरची किंवा गुलबर्ग्याची मागते. आणि हुलगे, मटकी, चवळी, काळा वरणा ही आपल्या पट्ट्यातली कडधान्यं पुन्हा घरात आणलीयत. वरणा सासूबाईंनी कुठल्याशा जुन्या रीतीनं केला, आणि मुलीनं ताटलीचा फोटो मैत्रिणींना पाठवला. आमच्या घरात याहून मोठी पावती नाही.

डाळीला वरून एरंडेल चोळलेलं असतं, किडू नये म्हणून. धुताना हाताला चिकट लागतं, घाबरू नका. कमी-कमी आणत असल्यामुळं घरी मला पावडरी-गोळ्या काही लागत नाहीत. तांदळात कडुलिंबाचा वाळका पाला टाकते, बस्स.

गूळ. कोल्हापुरात राहून गुळावर चार वाक्यं लिहिणं म्हणजे भांडण ओढवून घेणं आहे, तरी लिहिते. मामा गुळाचा रवा, म्हणजे मोठी ढेप, फोडून ढेकूळ देतात. पिवळाधमक हवा असेल तर तोही आहे, पण तो रंग आणायला रसायन पडतं, हे ते स्वतःच सांगतात. तपकिरी घ्या. तो उन्हाळ्यात जरा पाझरतो, म्हणून स्टीलच्या डब्यात ठेवा.

तेल त्यांच्याकडं सुट्टं मिळत नाही आणि मिळत नाही हेच बरं. 1998 साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांच्या तेलाची भेसळ होऊन माणसं दगावली होती, तेव्हापासून सुट्ट्या तेलावर कडक नियम आहेत. मी वेगळा मार्ग काढलाय. मामांकडून शेंगदाणे घेते आणि लाकडी घाण्यावर माझ्यासमोर गाळून आणते. अडीच किलो शेंगदाण्यांना साधारण लिटरभर तेल पडतं. कॅन माझा, पेंड गवळ्याच्या म्हशीला. पिशवीतल्या तेलापेक्षा महाग पडतं, हे कबूल. पण महाग म्हणूनच की काय, आमच्याकडं महिन्याला सव्वा लिटर तेल कमी लागायला लागलं.

आता तो गेलेला दीड तारा.

अर्धा तारा वेळेचा. सगळी यादी घेऊन गेलं की चाळीस मिनिटं मोडतात, सोमवारी दुकान बंद, दुपारी मामा जेवायला गेले की मुलगा सगळं करतो आणि मुलाला डबे आवडत नाहीत. त्यानं एकदा मी डबे काढायच्या आत तीन कॅरीबॅगा भरल्या होत्या. राज्यात 2018 पासून कॅरीबॅगवर बंदी आहे, 23 जूनपासून दंडही सुरू झाला होता, पहिल्या वेळी पाच हजारांचा; तरी गल्ल्याखाली बंडल असतंच. "जाड हाय, चालतीय," हे त्याचं म्हणणं. जाड असो की पातळ, कॅरीबॅग आपल्याकडं चालत नाही. मी पिशव्या परत ओतायला लावल्या. माझ्या मागचे दोघं वैतागले, त्यांचंही बरोबर होतं.

अर्धा तारा स्वच्छतेचा. गोण्या उघड्या असतात. रस्त्याची धूळ बसते, डाळीत खडे येतात, आणि एक मांजर आहे. मांजर उंदरांसाठी ठेवलंय हे मान्य, तरी ते पोह्यांच्या गोणीवर झोपतं हे मी कसं मान्य करू? दोनदा सांगितलं. आता पोह्यांवर पत्र्याचं झाकण आलंय आणि मांजर साखरेवर झोपतं. निवडायला-पाखडायला घरी वेळ द्यावा लागतो. आमच्या घरी सासूबाई आहेत म्हणून भागतं, नवरा-बायको दोघंच नोकरी करणाऱ्यांनी हा हिशेब आधी करावा.

उरलेला अर्धा पुड्यांचा. डबा नसेल तर मामा वर्तमानपत्राची पुडी बांधतात, दोरा दातानं तोडून, इतकी सुबक की फोडवत नाही. पण छपाईची शाई खाण्याला लागू नये, म्हणून अन्नाच्या वेष्टनाला वर्तमानपत्र वापरायला मनाई आहे. मी जिऱ्या-मोहरीसाठी छोट्या कापडी थैल्या नेते, सासूबाईंच्या जुन्या इरकलीच्या आणि ह्यांच्या शर्टांच्या शिवलेल्या. नव्या विकत घेऊ नका. कापसाला पाणी भरपूर लागतं. घरात जुनं कापड असताना दहा नव्या पिशव्या आणून 'पर्यावरणपूरक' होणं म्हणजे आवळा देऊन कोहळा काढण्याच्या उलट झालं.

कुणी म्हणेल, मामांकडं तरी माल प्लास्टिकच्याच गोणीतून येतो ना? हो, बराचसा येतो. पन्नास किलोची विणलेली गोणी. पण त्या एका गोणीऐवजी अर्ध्या किलोची शंभर पाकिटं आली असती. आणि गोणी रिकामी झाली की शेतकरी विकत नेतात; कोंडा भरायला, शेणखत भरायला, पावसात डोक्यावर घ्यायला. पाकीट कोण विकत नेतो?

भाजी मामांकडं नसते, पण परतताना वाटेवरच काम होतं. रविवारी लक्ष्मीपुरीत बाजार भरतो, इतर दिवशी कपिलतीर्थ. सुपरमार्केटात भोपळी मिरची थर्माकोलच्या ताटलीत, वर प्लास्टिक. इथं गावाकडून आलेल्या बायका वाटे लावून बसतात, पेंढीला पाण्याचा हबका मारतात आणि पिशवीत तशीच टाकतात. मी एक नियम केलाय: यादी करून जायचं नाही. काय जास्त आलंय ते बघायचं. जे जास्त आलंय ते हंगामाचं, ते स्वस्त आणि ते जवळचं. थंडीत चाकवत, हरभऱ्याचा पाला, पावटा. पावसात कुर्डू, टाकळा. त्यातल्याच एक भाजीवाल्या मावशी एकदा म्हणाल्या, "फ्लॉवर हाय की, उन्हाळ्यात बी हाय. खरं मी खात न्हाई." घेऊ की नको हा प्रश्नच संपला.

देठं, साली, वाटाण्याची टरफलं आधी कचरागाडीत जायची, म्हणजे कसबा बावड्याच्या ढिगावर. आता त्यातलं खाण्याजोगं खातो: दोडक्याच्या शिरांची चटणी, कोथिंबिरीचे देठ वाटणात. बाकीचं गवळ्याच्या म्हशीला. ह्या गवळ्याकडं रविवारी मुलगा कट्ट्यावर दूध प्यायला जातो. कोल्हापूरकरांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते, म्हैस समोर पिळून फेसाळ दूध थेट पेल्यात. वेष्टन शून्य. रोजचं दूध मात्र पिशवीचंच आहे. कट्ट्याचा भाव रोज परवडत नाही. त्यातल्या त्यात एवढं करते की पिशवीचा कोपरा पूर्ण कापून वेगळा करत नाही, तो लोंबताच ठेवते. तो चिमुकला तुकडा कुणाच्याच हाती लागत नाही, गटारात जातो. पिशव्या धुऊन, वाळवून भंगारात देते.

मटण. ह्या विषयावर घरात तीन बैठका झाल्या. बकरं असो की म्हैस, रवंथ करणारं जनावर मिथेन सोडतंच, हे मी वाचून दाखवलं. ह्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मग रविवारचं काय?" रविवार राहिला. बुधवार गेला. बुधवारी आख्खा मसूर होतो, मटणाच्याच मसाल्यात, वर कांदा आणि तेलाची तर्री. (कॅनडाचा, हो. सगळंच एका दमात जमत नाही.) आणि रविवारी ह्यांनी स्टीलचा कडीचा डबा घेऊन जायचं ठरलं. पहिल्या वेळी खाटकानं विचारलं, "काय साहेब, शाळंला निघालायसा?" आता त्या रांगेत आणखी दोन डबे दिसतात. त्यातला एक आमच्या शेजाऱ्यांचा आहे, दुसरा कुणाचा ते माहीत नाही.

जायचं कसं, तर आम्ही मंगळवार पेठेतून जाताना चालत जातो आणि भरलेले डबे घेऊन येताना रिक्षा करतो. आधी मुलाला जिरं संपलं, साखर संपली म्हणून आठवड्यात चार वेळा गाडीवर पिटाळायचे, ते बंद झालं. फळ्यावर लिहून ठेवायचं आणि शनिवारी एकदाच.

मार्चमध्ये पुन्हा चार रविवार तोलले. 390 ग्रॅम. त्यातला निम्मा भाग दुधाच्या पिशव्यांचा. उरलेल्यात बिस्किटांची पाकिटं, औषधांच्या पट्ट्या, आणि मुलगी हॉस्टेलच्या मैत्रिणीकडून आणते त्या नूडल्स. किराण्याचा खर्च तीन महिन्यांत, घाण्याचं महाग तेल धरूनही, महिन्याला सरासरी 640 रुपयांनी खाली आला. हे मामांच्या भावामुळं नाही. त्यांच्या काही डाळी सुपरमार्केटच्या ऑफरपेक्षा महागच असतात. न घेतलेल्या वस्तूंचे पैसे आहेत ते.

जाणार असाल तर सकाळी साडेदहाच्या आत जा, तेव्हा मामा असतात आणि गर्दी नसते. डबे कोरडे ठणठणीत न्या, ओला डबा ते परत देतात. क्यूआर आहे, पण दहा रुपयांच्या जिऱ्यासाठी सुट्टे द्या. घनसाळ हुंगून घ्या. पोहे झाकणाखालचे घ्या, साखर आतल्या पिंपातली मागा.

दळलेली हळद आणि तिखट मात्र तिथून घेऊ नका. त्यांची नियत चांगली आहे, पण पूड त्यांनाही तयारच येते आणि पुडीत काय मिसळलंय हे पारड्यात दिसत नाही. सांगलीची हळकुंडं त्यांच्याकडं चांगली मिळतात. ती घ्या, मिरची घ्या, आणि डंकावर समोर उभं राहून कुटून आणा. शिंका येतील. रुमाल न्या.